दुखवट्याची भाकरी आणि माझा फ्लेक्स

आमच्या जूचंद्र गावात माणसाचा फ्लेक्स दोनदा लागतो. एकदा वाढदिवसाला आणि एकदा मेल्यावर. माझा वाढदिवस नव्हता आणि मी मेलेही नव्हते, तरी मार्चमधल्या एका सकाळी मी नाक्यावर लागले. भाऊ दूध आणायला गेला होता, तो दूध न घेताच परत आला आणि म्हणाला, "बाय, तू नाक्याव लागलीस."

मी बघायला गेले नाही. नाका आमच्या घरापासून जवळ आहे, पण मला लांब आहे. भावजयीने मोबाइलवर फोटो काढून आणला. फ्लेक्सवरचा माझा फोटो कोणाच्या तरी हळदीतला होता. शेजारी बसलेल्या भावजयीला कापून टाकलं होतं, पण तिचा हात माझ्या खांद्यावर तसाच राहिला होता. वर हात जोडलेल्या पुढाऱ्यांची रांग. त्यातल्या एकालाही मी कधी भेटलेले नाही. आणि खाली पिवळ्या जाड अक्षरांत लिहिलेलं, 'यशस्वी उद्योजिका, भाकरीवाल्या मावशींना महिला दिनाच्या हार्दिक शुभेच्छा'. त्याखाली संपर्कासाठी फोन नंबर. तो माझ्या भावाचा.

आधी हसू आलं. भावजय तर स्वतःचा तुटलेला हात बघून खो खो हसत सुटली. मग मी 'उद्योजिका' हा शब्द पुन्हा वाचला आणि मोबाइल खाली ठेवला. कारण मी सरकारचे अपंगाचे पैसे घेते. आणि ते पैसे ज्याला दुसरी कमाई नाही त्यालाच मिळतात.

माझा उजवा पाय लहानपणीच पोलिओत गेला. किती टक्के गेला ते सरकारने लिहून, शिक्का मारून दिलेलं आहे. माझी काही तक्रार नाही, पाय माझा आणि टक्के त्यांचे. आयस मला कडेवर घेऊन शाळेत सोडायची आणि वाटेत कोणी 'बिचारी' म्हटलं की त्याचा तिथल्या तिथे उद्धार करायची. तिचं तोंड माझ्याकडे आलं. बापूस मिठागरावर होता, तो गरीब स्वभावाचा, त्याचं काहीच माझ्याकडे आलं नाही.

मोठी झाले तशी सातिवलीला कारखान्यांच्या एका गाळ्यात कामाला लागले. प्लास्टिकची बुचं निवडायची, वाकडी बाजूला काढायची. बसून काम म्हणून मला दिलं होतं. पण दिवसभर स्टुलावर बसणं हेही पाठीचं काम असतं, हे ज्याची पाठ धड आहे त्याला कळत नाही. चांगला पाय दोघांचा भार उचलून थकला आणि मणक्याने दगा दिला. मी आठवड्यातून दोनदा, मग तीनदा घरी राहायला लागले. शेठ म्हणाला, बाई, बसूनपण जमत नाही तर मी तुम्हाला झोपवून पगार देऊ काय? मी म्हटलं, नको, झोपायला माझं घर आहे. आणि आले घरी. बोलून आले खरी, पण त्या संध्याकाळी मी खूप रडले.

पुढे आयस गेली, बापूस आधीच गेला होता, आणि मी भावाच्या घरात मागच्या खोलीत राहिले. भाऊ वाईट नाही. भावजय तर माझ्या आवडीची. पण गोळ्या संपल्या की सांगायचं, रिक्षाला पैसे हवेत की सांगायचं, पायाला बांधायच्या कॅलिपरचा पट्टा तुटला की सांगायचं. बाईच्या जातीला मागायची सवय असते म्हणतात, मला कधी झाली नाही. म्हणून त्या सरकारी पैशांची मला किंमत आहे. थोडे असतात, उशिरा येतात, आणि दरवर्षी मी जिवंत आहे हे मला स्वतः जाऊन सांगून यावं लागतं. तरी ते माझे असतात. ते आल्यापासून मी भावाकडे हात पसरलेला नाही.

आता भाकरीचं सांगते. आमच्याकडे मरण झालेल्या घरी चूल पेटत नाही. दिवस होईपर्यंत त्या घरी शेजारपाजारच्यांनी जेवण पोचवायचं. आमच्या आळीत भाकरी आयस द्यायची. तांदळाची भाकरी, फोडणी नसलेलं वरण, दुसरं काही नाही. पीठ कोण देतं ते विचारायचं नाही. बायका येता जाता दाराशी मापटंभर ठेवून जातात. आणि ह्या भाकरीचे दोन नियम. एक, तिचा पैसा घ्यायचा नाही. दुसरा, टोपली त्या घरून रिकामीच परत यायला हवी. एरवी आपल्यात कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, साखर तरी घालतात. पण दुखवट्याच्या घरून काही घालून टोपली पाठवली, तर आपलं दुःख दुसऱ्याच्या दारात लोटल्यासारखं होतं. आभारही मानायचे नाहीत. टोपली ठेवायची आणि वळायचं.

आयशीमागे हे काम माझ्याकडे आलं. कोणी दिलं नाही, मीच घेतलं. माझे हात चांगले आहेत. भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून पाटावर बसले, शेगडी जमिनीवर ठेवली, की सकाळचा एक तास मी भाकऱ्या थापू शकते. उकड मात्र भावजय काढून देते, ते जड पातेलं मला उचलत नाही. त्या एका तासाची वसुली कंबर दुपारपासून करते आणि मी संध्याकाळपर्यंत आडवी असते. हे मी कौतुकासाठी सांगत नाही. पुढे मला विचारलं गेलं की एवढं जमतं तर नोकरी का जमत नाही, म्हणून सांगते.

गावात मरणं काही रोज होत नाहीत. पण शेतं गेली आणि टॉवर आले. टॉवरमध्ये माणसं कुठून कुठून आलेली. कोणाचं कोणी नाही. आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये एक म्हातारा गेला, तेव्हा त्या घरातल्या बायामाणसांनी दोन दिवस वडापाव खाल्ला, असं कचरा उचलणाऱ्या बाईने मला सांगितलं. मला ते सहन झालं नाही. मढं घरातून गेलंय आणि लोक वडापाव खातायत? मी भावजयीला टोपली घेऊन पाठवलं. ती लिफ्टने वर गेली, दारात टोपली ठेवली आणि काही न बोलता वळली. त्या लोकांना आधी वाटलं कोणीतरी चुकीच्या घरी पार्सल देऊन गेलं.

तो म्हातारा म्हणजे त्या सोसायटीच्या सेक्रेटरीचा बाप. सेक्रेटरी लातूरकडचा, चाळिशीचा, कुठल्याशा कंपनीत हिशेब बघतो, सज्जन माणूस. दिवस झाल्यावर टोपली परत आली ती पाकीट घालून. पाकिटात नोटा. वर 'धन्यवाद' लिहिलेलं. आई गं! माझा असा संताप झाला की मी पाकीट उघडंच फेकलं आणि भावजयीला म्हटलं, जा, त्याच्या तोंडावर मार. ती बिचारी हळूच देऊन आली. त्याच्या आईला कळलं तेव्हा ती पोराला जे बोलली ते भावजयीने जिन्यापर्यंत ऐकलं. त्यांच्या गावालाही हीच रीत होती. पोरगा शहरात राहून विसरला होता, एवढंच.

ती म्हातारी मग माझ्याकडे यायला लागली. लिफ्टमधून खाली उतरायची, काठी टेकत रस्ता ओलांडायची आणि माझ्या पाटाशेजारी बसायची. तिला माझी भाकरी पटली नव्हती. ज्वारीची ती भाकरी, हा तर तुमचा पापड आहे, म्हणायची. मी म्हणायची, मग कशाला खाल्लीत? ती म्हणायची, रडून रडून दात हलले होते, पापडच बरा वाटला. मग आम्ही दोघी हसायचो. नवरा जाऊन महिना झाला नव्हता तिला, पण हसायची.

सेक्रेटरीला मात्र काही चैन पडेना. आमची रीत त्याला कळली होती, पण तो हिशेबाचा माणूस. घेतलंय तर कुठेतरी जमा दाखवायला हवं. पैसे ही बाई घेत नाही, साडी घेत नाही, आभारही चालत नाहीत. मग इथे माणूस माणसाचा मान कसा करतो, हे त्याने आजूबाजूला बघितलं, आणि इथे माणूस फ्लेक्स लावतो. त्याने आमच्या घरी न विचारता सोसायटीत वर्गणी काढली, फोटो मिळवला आणि छपाईवाल्याला दिला. महिला दिनाच्या सगळ्या बायकांना छपाईवाला 'यशस्वी उद्योजिका'च घालतो. त्याच्या कॉम्प्युटरवर ते तयारच असतं.

पहिले काही दिवस नुसता तमाशा. भावाचा फोन वाजत राहिला. शंभर भाकऱ्या हव्यात, मटणाबरोबर, रविवारी. घरपोच आहे का? पार्टीला डिस्काउंट किती? भाऊ आधी नम्रपणे सांगायचा, मग शिव्या द्यायला लागला. एकाला तो म्हणाला, तुज्या घरी कोन मेलाय का, मेला असंल तर बोल. त्या माणसाने फोन ठेवला. मी सेक्रेटरीला निरोप पाठवला की माझं थोबाड उतरव. त्याने त्याच दिवशी उतरवलं आणि खाली मान घालून ती गुंडाळी माझ्या दाराशी आणून ठेवली. फेकून कशाला द्यायचं? चांगलं जाड कापड. मी तो फ्लेक्स पाटाखाली अंथरला. भाकऱ्या थापताना पीठ सांडतं ते त्यावर सांडू लागलं, आणि मी माझ्याच तोंडावर बसू लागले.

पण व्हायचं ते झालं होतं. कोणीतरी तहसीलात अर्ज टाकला की ही बाई अपंगाचे पैसे खाते आणि वर भाकरीचा धंदा करते, सोबत फ्लेक्सचा फोटो. अर्ज निनावी होता. कोणी टाकला ते मला ठाऊक आहे. पण त्याच्या घरी म्हातारी आई अंथरुणाला आहे, आणि उद्या तिच्या दुखवट्याची भाकरी मलाच थापायची आहे, म्हणून मी गप्प आहे.

तलाठ्याचा निरोप आला की चौकशीला घरी येणार. धंदा आहे का बघणार, काम करता येतं का बघणार, आणि मग पैसे चालू ठेवायचे की बंद करायचे ते वर कळवणार. अर्जातल्या 'धंदा' ह्या शब्दाने माझं डोकं फिरलं होतं. मला चोर म्हटलं असतं तरी एवढं लागलं नसतं. दुखवट्याच्या भाकरीचा पैसा घेणारी म्हणजे काय, हे आमच्या गावात कोणालाही विचारा. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी. मला ते म्हटलं होतं, तेही सरकारी कागदावर.

तलाठी यायच्या आदल्या दिवशी दुपारी सेक्रेटरीची आई गेली. जेवून पडली ती उठली नाही. मला कळलं तेव्हा मी लसूण सोलत होते, तो तसाच हातात राहिला. माझ्या भाकरीला पापड म्हणणारी एवढी एकच होती. संध्याकाळी अंत्यविधी झाला. रात्रीच्या भाकऱ्या मी कशाबशा थापल्या आणि भावजयीने पोचवल्या.

सकाळी भाऊ माझ्या खोलीत आला. दार लावून घेतलं. म्हणाला, आज शेगडी लावू नकोस. आज अंथरुणात पडून राहा, कण्ह, विचारलं तर सांग की आता काही होत नाही. काल दिलीस ना, झालं. मग त्याच्या मनातलं बोलला. "एक दिस भाकरी नाय दिली तर कोनी मरत नाय."

मी म्हटलं, मरणारी काल मेली. आज उरलेल्यांनी जेवायचं आहे.

तो चिडला. म्हणाला, पैसे बंद झाले तर? मी म्हटलं, तर बंद. तो म्हणाला, मग पुन्हा माझ्याकडे मागशील. हे बोलला आणि त्यालाच वाईट वाटलं, तो बाहेर जाऊन ओट्यावर बसला. त्याचं खोटं नव्हतं. पैसे बंद म्हणजे पुन्हा भावाच्या दारात उभं राहायचं, हे मलाही दिसत होतं. भीती मलाही वाटत होती. रात्रभर कंबर आणि भीती दोन्ही आळीपाळीने ठणकत होत्या. पण नाटक करून, कण्हून जे पैसे मिळतील ते मला चालणार नव्हते. मी खरीच अपंग आहे. खऱ्या माणसाने सोंग कशाला आणायचं?

मी फ्लेक्स अंथरला, पाटावर बसले आणि भावजयीला हाक मारली. तिने मुकाट्याने उकड काढून दिली.

तलाठी अकराच्या सुमाराला आला. तरुण होता, शर्ट घामाने चिकटलेला. त्याने बूट बाहेर काढले, हे मला आवडलं. आत आला तर मी पीठ मळत बसलेली, तवा तापलेला, समोर परातीत भाकऱ्यांची चवड, आणि माझ्या बुडाखालून 'यशस्वी उद्योजिका' अशी पिवळी अक्षरं बाहेर डोकावत होती. त्याने ती वाचली. भावाने कपाळावर हात मारला.

तलाठ्याने विचारलं, हे रोज करता का? मी म्हटलं, मरणं रोज होत नाहीत. भाकरीला किती घेता? काही नाही. पीठ कोण देतं? शेजार. मग तुम्हाला काय मिळतं? मी म्हटलं, कंबरदुखी. तो हसला नाही, लिहून घेत होता. मग माझा कॅलिपर बघितला, भिंतीला टेकवलेली कुबडी बघितली. मला म्हणाला, उठून दाखवा. मी म्हटलं, भाकरी तव्यावर आहे, ती उतरते, मग उठते. भाकरी उतरवली आणि उठले. उठायला मला भावजयीचा खांदा लागला, भिंत लागली, आणि वेळ लागला. पुन्हा बसायला त्याहून जास्त. तो बघत होता. बघू दे म्हटलं, मला लाज कसली?

तेवढ्यात सेक्रेटरी दारात आला. डोकं तासलेलं, अंगावर नुसतं उपरणं, हातात आमची कालची टोपली. सुतकात होता म्हणून उंबऱ्याच्या आत आला नाही. बाहेरूनच म्हणाला की मावशी, आमच्यामुळे तुमच्यावर हे आलंय, आज आमचं आम्ही बाहेरून मागवतो, तुम्ही राहू द्या. त्याचे डोळे जागरणाने सुजले होते. मी म्हटलं, टोपली ठेव.

तलाठ्याने कोण म्हणून विचारलं, आणि कळल्यावर त्याला सरळ विचारलं की ह्या बाईंना किती देता? खरं सांगा.

 सेक्रेटरीने टोपली उंबऱ्यावर उलटी केली आणि हाताने ठोकली. भाकरीचे दोन तुकडे पडले. मग म्हणाला, "एकदा द्यायला गेलो होतो. आईने मारायचं तेवढं बाकी ठेवलं." आणि तो तिथेच भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला. आदल्या दिवसापासून रडला नव्हता म्हणे. मी पीठ मळत राहिले, कारण मी थांबले असते तर मीही रडले असते, आणि भाकरी करणारीने रडायचं नसतं.

तलाठी भला माणूस निघाला, आणि त्या भलेपणातच घोळ झाला. त्याने ओट्यावर बसून अहवाल लिहिला आणि मला सहीसाठी वाचून दाखवला. धंदा नाही, असं लिहिलं होतं. ते बरोबर. पुढे लिहिलं होतं, 'लाभार्थी कोणतेही काम करण्यास पूर्णपणे असमर्थ आहे.'

मी म्हटलं, हे खोडा.

तो म्हणाला, मावशी, मी तुमच्या बाजूने लिहिलंय. ह्या ओळीवर तर पैसे चालू राहतात. भाऊ म्हणाला, सही कर, बाय, माझ्या गळ्याची शपथ. दोघेही माझ्या भल्याचंच बोलत होते. मी माझ्या हातांकडे बघितलं. दोन्ही मनगटापर्यंत पिठात. समोर पंचवीसेक भाकऱ्या, एकसारख्या, गोल, वाफ निघत असलेल्या. आणि खाली सही करायची की मला काहीच येत नाही. शेठने जे तोंडी सांगितलं होतं ते ह्याला माझ्या सहीने हवं होतं.

मी म्हटलं, "मी काम करते. मला मजुरी जमत नाही, पण काम जमतं. कामाला पैसे पडले नाहीत म्हणून ते काम नाही असं तुम्हाला वाटत असेल, तर आधी माझ्या भावजयीचं नाव त्या ओळीत घाला. ती पहाटेपासून राबते, तिलाही कोणी देत नाही."

भावजय एरवी परक्या माणसापुढे पदर तोंडात धरते. ती तव्याजवळून म्हणाली, "ती सांगते तसाच लिवा, साहेब."

तलाठ्याने ती ओळ खोडली. मी सांगितलं आणि त्याने लिहिलं, की लाभार्थी मजुरीचे काम करू शकत नाही, दुखवट्याच्या घरी भाकरी देते, त्याचे पैसे घेत नाही. मी सही केली. कागदाला पीठ लागलं. तो म्हणाला, बघा हं, वर काय होईल ते मी सांगू शकत नाही. मी म्हटलं, तुम्ही खरं लिहिलंत, तुमचं काम झालं. मग टोपली भरली आणि भावजय ती घेऊन सेक्रेटरीच्या मागोमाग गेली.

वर काय व्हायचं ते झालं. पैसे थांबले. पावसाळाभर आले नाहीत. ते पुढे पुन्हा सुरू झाले, हे आत्ताच सांगून टाकते, उगाच कोणाचा जीव टांगणीला नको. पण ते दिवस वाईट गेले. मी गोळ्या अर्ध्या करून खाल्ल्या आणि भावाला सांगितलं नाही. कॅलिपरचा पट्टा तुटला तेही सांगितलं नाही, सुतळीने बांधला. एका सकाळी उठले तर कॅलिपर जागेवर नाही. भाऊ तो चांभाराकडे घेऊन गेला होता. नवा पट्टा लावून आणला, माझ्या खाटेला टेकवून ठेवला आणि काही न बोलता वळला. टोपली ठेवतात तसा. मीही आभार मानले नाहीत.

गणपती झाल्यावर सुनावणीचं बोलावणं आलं. आता हे ऐका. अपंगांची सुनावणी तहसीलाच्या वरच्या मजल्यावर ठेवलेली. लिफ्ट बंद. शिपाई म्हणाला, सावकाश चढा, सगळे चढतात. मी म्हटलं, मी चढणार नाही. मी चढले तर सुनावणी घेणारे साहेब लिहितील, चढता येतं. आणि मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले, कुबडी आडवी ठेवून, म्हणजे जाणाऱ्या येणाऱ्याला मला ओलांडूनच जावं लागेल. भाऊ म्हणाला, बाय, लोक बघतायत. मी म्हटलं, फ्लेक्सवर बघितलंय त्यांनी मला, आता खरी बघू दे. माझ्यामागे एक कुबड्यावाला म्हातारा आला होता, तोही शेजारी बसला. मग एक आंधळी बाई आणि तिची बहीण. थोड्या वेळाने जिना आमचाच झाला.

शेवटी साहेब खाली आले. रागात होते, पण आले. पन्नाशीचे, चष्मा, काखेत फाइल. उभ्यानेच माझा कागद वाचला, पिठाचा डाग नखाने खरवडून बघितला. म्हणाले, मी बारा भानगडी बघितल्या आहेत, पण स्वतःच्या विरुद्ध सही करणारी बाई पहिल्यांदा बघतोय. मी म्हटलं, विरुद्ध नाही, खरी सही आहे. ते म्हणाले, ज्यांना भाकरी देता ते तुमचे कोण? मी म्हटलं, कोणी नाहीत. मग कशासाठी करता? काहीतरी मिळत असेलच की. आजच्या काळात फुकट कोण करतं?

त्या 'फुकट'वर माझी सगळी वर्षं एकदम तोंडात आली. आयशीची, शेठची, त्या पापड म्हणणाऱ्या म्हातारीची. पण मी आवाज चढवला नाही.

मी म्हटलं, "साहेब, तुमच्याही घरी कधीतरी चूल पेटणार नाही. ते कोणाच्याच घराला सुटत नाही. तेव्हा जूचंद्रला निरोप धाडा, मी भाकरी पाठवीन. फक्त टोपली रिकामी परत करा."

 भावाने डोळे मिटून घेतले, त्याला वाटलं आता संपलं.  मग साहेब माझ्या शेजारी, त्याच पायरीवर बसले, फाइल गुडघ्यावर ठेवली आणि सही केली.